वायर सुटायलाच हवी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी साताऱ्याचा, शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. पुतण्याने त्याची जुनी माउंटन सायकल मला दिली, पुढे-मागे दोन्हीकडे शॉक अॅब्सॉर्बर असलेली. गुडघ्यांमुळे यवतेश्वरचा घाट जमेना, म्हणून मागच्या चाकात २५० वॅटची मोटार बसवून घेतली. बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपियर-अवरची. फ्रेमच्या त्रिकोणात मागचा शॉक आडवा येतो आणि या सायकलला कॅरिअर लागत नाही, म्हणून बॅटरी पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवतो. वायर सॅकच्या चेनमधून बाहेर काढून सीटखाली नेली आहे. ताण येऊ नये म्हणून चांगली अडीच मीटर ठेवली. खड्ड्यांत पिवळा कनेक्टर निघू नये म्हणून त्यावर काळी टेप गुंडाळली. परवा चहाला थांबलो, वायरीचं विसरून उतरलो, तर सायकल अंगावर आली आणि आम्ही दोघेही आडवे. घरून आता सायकलवर बंदी येण्याच्या बेतात आहे. वायर कशी बांधली म्हणजे आड येणार नाही? आणि विजेचा शॉक बसण्याची भीती कितपत?

उत्तर : सर, नमस्कार. पुढचं वाचण्याआधी ती काळी टेप सोडवून या.

वायर सुटू नये म्हणून तुम्ही जेवढं केलंत, त्याच्या बरोबर उलट करायचं आहे. तुम्ही आणि सायकल कधी ना कधी एकमेकांपासून लांब जाणारच. चहाच्या टपरीवर विसरून, नाहीतर घाटात घसरून. त्या क्षणी मधलं काहीतरी सुटणार किंवा तुटणार. कनेक्टर टेपने आवळला असेल तर ओढ जाते बॅटरीतून निघणाऱ्या वायरीवर. ती उपटली की सॅकमध्ये धन आणि ऋण अशी दोन उघडी तांब्याची टोकं एकमेकांशेजारी लोळत राहतात, तीही तुमच्या पाठीला लागून. तिथे नाही तुटलं तर कंट्रोलरच्या, म्हणजे मोटारीला वीज मोजून देणाऱ्या डब्याच्या, बाजूला तुटतं. आणि कुठेच तुटलं नाही तर काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. म्हणून कुठे सुटायचं ते आपण आधी ठरवून ठेवायचं. बाकीची सगळी वायर मजबूत, आणि एकच जागा मुद्दाम कच्ची.

तो पिवळा कनेक्टर, एक्सटी-६०, मुळात रिमोटवरच्या विमानांसाठी आणि गाड्यांसाठी बनलेला आहे. तो घट्ट धरतो, तेच त्याचं काम. दोन्ही हातांनी डुलवत काढावा लागतो हे तुमच्याही लक्षात आलं असेल. सॅकच्या आत तो राहू दे, तिथे उत्तम. बाहेरच्या जोडाला मी अँडरसन पॉवरपोल वापरते, लाल-काळ्या जोडीचा, हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने बिनतारी संच चालवणारे, वापरतात तोच. त्याची दोन्ही अर्धी सारखीच असतात आणि आतल्या पात्या स्प्रिंगच्या दाबावर एकमेकींना धरतात. सरळ रेषेत ओढलं की तो गुपचूप सुटतो. १५, ३० आणि ४५ अँपियरच्या पिना एकाच आकाराच्या प्लास्टिकच्या घरात बसतात. तुम्ही ३०ची घ्या. लाल आणि काळं घर खाचेत एकमेकांना पक्कं जोडून घ्या, म्हणजे उलटं लागायची सोय उरत नाही. दुकानदार सोबत एक लॉकची क्लिप देईल. ती घरी विसरा.

सुटल्यावर बॅटरीकडच्या अर्ध्या भागात वीज असतेच, हे मात्र डोक्यात ठेवा. पॉवरपोलमध्ये धातू आत दडलेला असतो म्हणून चालतं. दुसरा कुठला कनेक्टर घेतलात तर ज्या अर्ध्या भागाचा धातू आत आहे तो बॅटरीकडे आणि ज्याच्या पिना बाहेर आल्यात तो सायकलकडे. मी दुरुस्तीला येणाऱ्या सायकलींवर हे सर्रास उलटं बघते. बसवणाऱ्याच्या हाताला जो आधी लागला तो त्याने लावलेला असतो.

आता जागा. आपण सगळे सायकलवरून डावीकडे उतरतो, उजवा पाय सीटमागून फिरवून. वायर सॅकच्या उजव्या कोपऱ्यातून आली तर तो पाय तिच्यातच अडकतो. शिवाय सायकलची चेनही उजवीकडेच. म्हणून सॅकच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर काढा आणि सायकलवरही डाव्या अंगालाच पोचवा. आधार सीटच्या दांड्यावर घेऊ नका. तुमच्या सायकलची सीट बटणाने खाली-वर होणारी असेल तर दांडा सरकेल आणि वायर चिमटेल. आडवा पाइप सीटखाली जिथे जुळतो, तिथे वेल्क्रोचा पट्टा घट्ट आवळून सायकलकडची वायर बांधा. पट्ट्यापुढे चार बोटांहून जास्त शेपूट नको, आणि त्याचं तोंड हँडलच्या दिशेला. एवढुशी वायर टायरपर्यंत पोचूच शकत नाही.

सॅकच्या बाजूलाही हाच विचार. चेनमधून वायर काढणं आजपासून बंद. चेनचे दात महिन्या-दोन महिन्यांत वरचं आवरण कुरतडतात. पाण्याच्या नळीसाठी सॅकला भोक असतं ते बहुधा वरती असतं, आपल्याला खाली हवं. बॅगा शिवणाऱ्याकडून तळाशी डाव्या कोपऱ्यात पितळी आयलेट (भोकाभोवतीची कडी) मारून घ्या, आणि आयलेटच्या आतल्या बाजूला नायलॉनच्या पट्टीचा एक लूप दुहेरी शिलाईने. वायर त्या लूपला बांधायची, म्हणजे बाहेरून आलेली ओढ कापडावर थांबते, बॅटरीपर्यंत जात नाही. हे काम शंभरेक रुपयांत होतं आणि सगळ्या जोडणीत मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. लोक महागडा कनेक्टर आणतात आणि वायर मात्र बॅटरीच्या डब्यातून नुसती लोंबत ठेवतात.

लांबी अंदाजाने ठरवू नका. कुणाला तरी सायकल धरायला सांगा, सॅक पाठीवर घ्या, कमरेचा पट्टा आवळा. एकदा सीटवर बसून मोजा, एकदा पेडलवर उभं राहून छाती हँडलवर नेऊन, आणि एकदा उतारावर घेतो तसं बूड सीटमागे नेऊन. तिन्हींत जे माप मोठं, त्यात चार बोटं मिळवा. माझ्याकडे येणाऱ्यांचं हे सॅकबाहेरचं माप ६० ते ७५ सेंटिमीटरमध्ये बसतं. सीटवर बसल्यावर यातली बरीच वायर सैल पडते आणि तिचा लोंबता फास होतो. त्यासाठी परकराच्या नाडीऐवजी मिळतं ते गोल इलॅस्टिक घ्या. एक टोक सॅकच्या तळाला, दुसरं वायरीच्या मध्यावर. बसलात की इलॅस्टिक वायर वर उचलून धरतं, उभे राहिलात की ताणलं जाऊन वायर मोकळी सोडतं. चालत्या सायकलवर जोड आपोआप सुटला तरी टोक मांडीच्या वर राहतं, चाकात जात नाही. हे घरीच तपासा : बसा, जोड काढा, टोक कुठवर लोंबतं ते बघा, आणि मागचं चाक हाताने फिरवून घ्या.

किती ओढीला सुटावं? माळ्यावर स्प्रिंगचा ताणकाटा पडलेला असेल तर तो लावून बघा. तीन-चार किलोच्या आसपास सुटला की मी समाधानी असते. त्याहून हलका असेल तर खड्ड्यात निघेल. बराच जड असेल तर पिनांची घरं नीट जुळलीत का ते पाहा. ही तपासणी मोटार बंद ठेवूनच.

अडीच मीटरबद्दल थोडं गणित, तुम्ही शिक्षक आहात म्हणून मोकळेपणाने सांगते. पत्रात वायरीची जाडी नाही, पण अशा किटसोबत बहुतेक वेळा १.५ चौरस मिलिमीटरची मिळते. वीज जाते आणि परत येते, म्हणजे ५ मीटर तांबं. रोध साधारण ०.०५८ ओहम. चढावर कंट्रोलर १५ अँपियर ओढतो असं धरलं तर जवळजवळ ०.९ व्होल्ट वायरीतच जातो आणि १३ वॅट नुसती उष्णता होते, कमरेजवळ. तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची आणि सॅकमधली धरून १.२ मीटर लांब (जाऊन-येऊन २.४) घेतलीत तर पाव व्होल्ट आणि चार वॅटच्या आत. घाटात हा फरक पायाला कळतो असं मी म्हणणार नाही, पण वायरीला हात लावलात तर हाताला नक्की कळतो.

वायर घराच्या फिटिंगची आणू नका. सिलिकॉनच्या आवरणाची, केसासारख्या बारीक तारांची मागा. ती दिवसभर वाकली तरी थकत नाही. तिचं आवरण मऊ असतं, सहज कापलं जातं, म्हणून वरून नायलॉनची विणलेली नळी चढवा. पिना डाख लावून बसवू नका, क्रिंपिंगच्या पक्कडने दाबून घ्या. डाख तारांमध्ये वर चढतो, तिथे वायर कडक होते, आणि जिथे कडक भाग संपतो नेमकी तिथेच ती रोज वाकून तुटते. पक्कड नसेल तर कारच्या वायरिंगवाल्याकडे जा, पाच मिनिटांचं काम आहे.

फ्यूज तुमच्या पत्रात कुठे दिसला नाही. बॅटरीत तिच्यावर लक्ष ठेवणारा बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम) असतो, शॉर्ट झाल्यावर तो पुरवठा तोडतो, हे खरं. पण ती इलेक्ट्रॉनिक पाटी आहे आणि तीही कधीतरी जळते. बॅटरीतून वायर निघाली की वीतभराच्या आत, सॅकमध्येच, २० किंवा २५ अँपियरचा फ्यूज हवा. इथे एक मेख आहे. कारमध्ये लागणारे पात्यांचे रंगीत फ्यूज सगळीकडे मिळतात, पण ते साधारणपणे ३२ व्होल्टपर्यंतचे असतात. तुमची बॅटरी पूर्ण भरली की ४२ व्होल्ट देते. तसा फ्यूज जळला तरी आत ठिणगीचा जाळ चालू राहू शकतो. ५८ व्होल्ट किंवा त्याहून जास्त डीसीचा शिक्का असलेलाच घ्या. घरातल्या बोर्डाचा एमसीबी किंवा स्विचही इथे नको. घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी आपसूक विझते. बॅटरीच्या डीसी विजेला शून्य माहीत नाही.

याच कारणासाठी आणखी एक सवय. मोटार ओढत असताना जोड हाताने काढायचा नाही. आधी थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, सोडा, पेडल थांबवा, मग. पडताना सुटला तर सुटू दे, पिनेवर एखादा काळा डाग पडेल, तुमच्या कवटीपेक्षा पिना स्वस्त. पुन्हा लावताना बॅटरीची चावी आधी बंद करा. कंट्रोलरमधले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे असतात, ते एकदम वीज खेचतात आणि लावताना ‘चट्’ आवाज येतो तो त्यांचाच. बॅटरीला चावी नसेल तर सॅकमधला एक्सटी-६० बदलून एक्सटी-९०-एस घ्या. त्यात ठिणगी रोखणारा रोधक बसवलेलाच असतो. मग क्रम असा : बाहेरचा जोड आधी, सॅकमधला नंतर.

शॉकचं विचारलंत. ४२ व्होल्ट डीसी कोरड्या हाताला बहुधा जाणवणारही नाही. ओला हात, घामेजलेली कंबर, जखम असेल तर झिणझिण्या येऊ शकतात. मला भीती शॉर्टची वाटते. अशी बॅटरी शॉर्ट झाली की क्षणभर का होईना शेकडो अँपियर सोडू शकते, आणि मध्ये बोटातली अंगठी किंवा हातातलं कडं आलं तर भाजून निघतं. जोडणी करताना दोन्ही काढून ठेवा. सॅकच्या त्या कप्प्यात किल्ल्या, सुटी नाणी, पाना काही नको.

बॅटरी पाठीवर असण्याचे फायदे मी नाकारत नाही. दोन-अडीच किलोचं ते ओझं हातापायांच्या लवचीकपणावर झेललं जातं, खड्ड्यांचे हादरे बॅटरीला कमी बसतात, सायकल उचलायला हलकी राहते आणि टपरीवर बॅटरी चोरीला जात नाही. तरीही माझं मत विचाराल तर जागा असेल त्याने ती सायकलवरच ठेवावी. पाठीवर पडलात तर तो टणक ठोकळा मणक्यावर येतो. तुमच्याकडे जागा नाही, मान्य. मग कडक डब्यातली बॅटरी घ्या, डबा आणि पाठ यांच्यात जाड फोमची चटई कापून घाला, आणि छातीचा व कमरेचा पट्टा एका दाबाने उघडणाऱ्या बकलचाच असू दे. गाठ मारायची नाही. बॅटरी फुगली, तापली, गोडसर रसायनाचा वास आला किंवा फुस्स आवाज झाला तर सॅक उतरवून रस्त्याकडेला फेका आणि लांब जा. मोबाइल आत राहिला म्हणून परत फिरू नका.

पावसाळ्यात कासकडे जाणार असाल तर वायर आयलेटच्या खाली जाऊन मग वर वळेल अशी ठेवा, म्हणजे पाणी वळणाच्या तळाशी गळून पडतं. जोडाचं तोंड आकाशाकडे नको. पॉवरपोल जलरोधक नाही, मुसळधारेत मी असा जोड वापरूच नये म्हणते.

आणि उतरण्याआधी डावा हात कमरेला, जोड काढायला. एवढी एक सवय लागली की घरचा विरोध मावळेल. मोटार २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत ठेवा, कुणी वेग वाढवून देतो म्हणाला तरी. त्यापुढे कायद्याने ती मोटारवाहन ठरते आणि नोंदणी, लायसन्स, विमा सगळं मागे लागतं.

प्रश्न : मीही बॅटरी सॅकमध्ये नेते. जुन्या लँडलाइन फोनच्या रिसीव्हरला असायची तशी वेटोळ्यांची वायर वापरली तर लोंबण्याचा प्रश्नच मिटेल ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : दिसायला छान दिसेल, पण मी बसवून देणार नाही. ७० सेंटिमीटर ताणायला वेटोळ्यात दोन-तीन मीटर वायर लागते, म्हणजे वर सरांना जे गणित सांगितलं तेच पुन्हा. त्यात १५ अँपियरला पुरेल अशा जाडीचं वेटोळं जड असतं, ते उड्या मारत मांडीवर आपटतं. आणि ते सतत ओढत असल्यामुळे सुटणारा जोड किती किलोला सुटेल याचा हिशोबच बिघडतो. इलॅस्टिक लावा, दहा रुपयांत काम होतं.

प्रश्न : दिवाळीला बंगळूरहून नागपूरला विमानाने जाणार आहे. सायकलची बॅटरी केबिनमधल्या सॅकमध्ये नेता येईल का? वायर आणि कनेक्टर काढून ठेवीन.

उत्तर : नाही. वायर काढण्याने काही बदलत नाही, मोजतात ते वॅट-अवर. ३६ व्होल्ट गुणिले १० अँपियर-अवर म्हणजे ३६०. प्रवाशाला १०० पर्यंत मोकळीक आहे, १०० ते १६० विमान कंपनीच्या परवानगीने, त्यापुढे हातातही नाही आणि सामानातही नाही. नागपुरात कुणाकडून तरी त्याच व्होल्टची बॅटरी चार दिवसांसाठी मागून घ्या. कनेक्टर जुळतो का आणि धन-ऋण बाजू त्याच आहेत का, ते मल्टिमीटरने बघितल्याशिवाय लावू नका.

प्रश्न : माझ्याकडे पाठीवरचा १६ लिटरचा बॅटरी पंप आहे. आतली १२ व्होल्ट ८ अँपियर-अवरची बॅटरी आता दुपारपर्यंतही टिकत नाही. कमरेच्या पट्ट्याला दुसरी बॅटरी लावून वायर वर पंपाला जोडली तर चालेल का? – द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : दादा, चालेल, पण जुनी आणि नवी एकमेकींना जोडून नाही. नवी चांगली भरलेली, जुनी खाली गेलेली. जोडल्याबरोबर नवी आधी जुनीला भरायला धावते, वायर तापते. एक काढून दुसरी, असंच ठेवा. तुमच्याकडे १२ व्होल्ट आहे म्हणून कारचा पात्याचा फ्यूज इथे बिनधास्त चालतो, १० अँपियरचा, बॅटरीच्या अगदी जवळ. जोड टाकीच्या खाली घेऊ नका. झाकणातून गळलेलं औषध तिथेच येतं आणि तांबं हिरवं पडतं. खांद्याच्या पट्ट्यावर पुढे घ्या. डोळ्यासमोर राहतो आणि टाकी घाईने उतरवायची वेळ आली तर एका हाताने सुटतो.

पण भरलेल्या टाकीचे १६ किलो आधीच पाठीवर आहेत, त्यात आणखी दोन-सव्वादोन किलो कशाला घेता? बहुधा तुमची जुनी बॅटरी फवारणी संपल्यावर तशीच रिकामी पडून राहिली असेल. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की हंगामाभरात बसते. त्याच प्रकारची नवी टाका, त्याच संध्याकाळी चार्ज करायची, आणि हंगाम नसताना महिन्यातून एकदा. लिथियमची घेणार असाल तर चार्जर तिचाच वेगळा घ्या, जुना लावू नका.